ऑगस्टपर्यंत

मेल आली तेव्हा ब्लियाचे दोन्ही हात राखेत होते. आज आईचा तेरावा. माती दिल्यापासून तेराव्या दिवशी गेलेल्या माणसाच्या जिवाला शेवटचं एकदा घरी जेवायला बोलवायचं, आणि तो आला की नाही हे कळावं म्हणून दाराच्या आत बारीक राख चाळून पसरायची, अशी डोंगरातला मुलूख सोडून आलेल्या त्यांच्या लोकांत रीत. थोरली येर मिनेसोटाहून येऊन, चार दिवस रडून परत गेलेली, तेव्हा चाळणी आपसूक ब्लियाच्या हातात आली होती. फोन फ्रिजवर थरथरला. तिला वाटलं, येरचाच असणार, सगळं नीट चाललंय ना म्हणून विचारायला. मनगटानं फोन जवळ ओढला तर पडद्यावर कॉलेजचं नाव. अभिनंदन, ब्लिया मुआ! आपण कळवलेली परिस्थिती आता निवळली आहे, हे समितीला मान्य आहे. आपली सरकारी मदत पुन्हा सुरू होत आहे. अभ्यासाच्या आराखड्यावर आज, शनिवारी, दुपारी चारच्या आत कचेरीत येऊन सही करावी. न केल्यास सोमवारपासूनचे वर्ग रद्द होतील. तिनं ते दोनदा वाचलं. गढूळ पाणी निवळावं तशी तिची आई निवळली होती. फोनच्या काचेवर राखेचं बोट उमटलं, ते पुसायला गेली तर आणखी पसरलं, आणि मग तिनं फोन पालथा ठेवला आणि परत चाळायला लागली.

सकाळचे दहाही वाजले नव्हते आणि फ्रेझ्नोचं ऊन खिडकीच्या जाळीतून आत येऊन भांड्यांवर बसलं होतं. शेगडीवर दोन कोंबड्या उकळत होत्या, गवती चहाचा वास घरभर. का यिंग काकू भात वाफवत होती आणि तोंडानं ब्लियाचा समाचार घेत होती. "अगं, राख चाळतेयस की पीठ मळतेयस? पायाचा ठसा उमटायला हवा तिथं, डोंगर करून ठेवलास. एवढं कॉलेज शिकली, साधी राख पसरता येत नाही." तिच्या जावेनं री ओढली, "कॉलेज कुठलं, कितवं वरीस म्हणायचं हे? दोन वर्षांचं कॉलेज चार वर्षं चाललंय." दोघी हसल्या. वाईट बायका नव्हेत त्या. आईच्या वेळी चार दिवस चार रात्री या दोघींनीच दोनशे माणसांचं रांधलं होतं. पण चेष्टा करायला आज ब्लियाशिवाय घरात दुसरं होतं कोण? एरवी ती उलट बोलली असती. आई असती तर आईनंच सुनावलं असतं, माझ्या पोरीला बोलायचं असेल तर आधी मला बोला म्हणून, आणि लगेच स्वतःच तेच बोलली असती, "तुझं कॉलेज म्हणजे ओली लाकडं गं ब्लिया, धूर भरपूर आणि भात काही शिजत नाही." आईच्या तोंडचं ते वाक्य अचानक इतकं स्पष्ट ऐकू आलं की ब्लियाचा हात थांबला, आणि राख एकाच जागी पडत राहिली.

ओली लाकडं. तसं पाहिलं तर पहिलं वर्ष छान पेटलं होतं. नर्स व्हायचं होतं तिला, दोन वर्षांत इथले विषय संपवायचे आणि पुढं जायचं. मग गेल्या वर्षीच्या जानेवारीत आईच्या पायांना सूज आली, बोट दाबलं की खड्डा राहायचा, आणि डॉक्टरनं सांगितलं की दोन्ही मूत्रपिंडं गेली आहेत. आठवड्यातून तीन दिवस यंत्राला लावायचं, चार-चार तास. घरात इंग्रजी येणारी एकटी ब्लिया. बाबा सहाला शेतावर, भाड्यानं घेतलेल्या तुकड्यावर, कारली, मिरच्या आणि हातभर लांब चवळीच्या शेंगा, शनिवारी बाजार. ब्लियानं चारही विषय सोडले. नापास होण्यापेक्षा सोडलेले बरे, असं वर्गातल्या सगळ्यांनी सांगितलं होतं, सोडलेल्या विषयाचा गुणांवर काही परिणाम होत नाही म्हणे. गुणांवर नाही झाला. पण मदतीचा हिशेब निराळा असतो हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनंही विचारलं नव्हतं, कारण विचारायला जायचं ठरवावं त्या दिवशी आई यंत्राला लावलेली असायची. घेतलेल्या दर तीन विषयांतले निदान दोन पुरे व्हायला हवेत, आणि सोडलेला विषय हा घेतलेलाच धरतात. शरदात पुन्हा चार घेतले, दोन सोडले. नाताळच्या आधी पत्र आलं की मदत थांबली. मदत नाही तर फी नाही, फी नाही तर कॉलेज नाही, आणि कॉलेज नाही तर काय, हे तिला माहीत होतं. का यिंग काकूच्या पुतण्यासारखं कोंबड्या कापायच्या कारखान्यात थंडगार खोलीत उभं राहायचं, रबरी हातमोजे घालून. आईनं तिथं अकरा वर्षं काढली होती. आईची बोटं हिवाळ्यात अजून निळी पडायची. "तू तिथं गेलीस ना," आई म्हणायची, "तर मी तुझी तंगडी तोडीन आणि मग तुला घरी बसून खायला घालीन."

यंदाच्या जानेवारीत तिनं मदत परत मिळावी म्हणून पहिला अर्ज केला. आई आजारी आहे, मला तिच्याजवळ राहावं लागतं, पुढच्या वेळी नीट अभ्यास करीन. आठ दिवसांत नकार. आपल्या अडचणीबद्दल सहानुभूती आहे, परंतु परिस्थिती अद्याप चालू असल्याने. त्या 'परंतु'पाशी ती किती वेळ बसली होती! म्हणजे आई मेली असती तर चाललं असतं. तसं कुठं लिहिलेलं नव्हतं. अर्जात फक्त एक चौकोन होता, आता काय बदललं आहे ते लिहा, आणि तिच्या घरात बदललेलं काहीच नव्हतं. आई होती. सकाळी उठून खोकत होती, मिरची मागत होती, मिठासाठी भांडत होती.

आणि मरणाचं तर नावच काढायचं नाही. जितं माणूस समोर असताना त्याच्या मरणाचं बोलायचं नाही, हळू आवाजातही नाही, कारण ऐकणारे सगळीकडे असतात आणि त्यांना एवढंच निमित्त पुरतं. तिला हे कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. नऊ वर्षांची असल्यापासून ती दवाखान्यात आईची जीभ होती. डॉक्टर काय म्हणाला ते आईला, आई काय म्हणाली ते डॉक्टरला. गेल्या नोव्हेंबरात एका तरुण डॉक्टरनं खुर्ची पुढं ओढली, चष्मा काढला आणि बराच वेळ बोलला. हृदयही थकलंय. सहा महिने, फार तर वर्ष. आईला काय हवंय, यंत्र चालू ठेवायचं का, याचा विचार घरात व्हावा. मग तो ब्लियाकडे बघत थांबला. आईही तिच्याकडे बघत थांबली. ब्लिया म्हणाली, "मीठ कमी खा म्हणतोय." आई हसायला लागली. "एवढं लांबलचक बोलला, डोळे भरून आले त्याचे, आणि मीठ कमी खा?" "इंग्रजीत लांब होतं ते," ब्लिया म्हणाली. आईनं डॉक्टरच्या हातावर थोपटलं आणि आपल्याला येणाऱ्या पन्नासएक इंग्रजी शब्दांतले दोन त्याला दिले, थँक यू. तोंड असं शिवून टाकलं होतं ब्लियानं, सहा महिने. पण हात मोकळा होता.

कॉलेजच्या मदत कचेरीतल्या मारिसेला ओचोआनं काही वाईट केलं नाही. उलट खिडकीवरच्या सगळ्यांत तीच तेवढी माणसाला माणूस म्हणून बोलायची, टेबलावर चिंचेच्या तिखट गोळ्यांची वाटी ठेवायची. मे महिन्यात ब्लिया दुसरा अर्ज घेऊन गेली तेव्हा तिनं तो वाचला, दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "हे बघ पोरी, हे वाचून मला रडू येतं. पण समितीला रडू नकोय. त्यांना हवंय की ही भानगड संपणार कधी. तारीख घाल. तारीख दिसली की त्यांना बरं वाटतं. आईला कुणी दुसरं बघणारं आहे का?" ब्लिया म्हणाली, बहीण आहे. येर तेव्हा म्हणत होती खरी, की उन्हाळा सरला की आईला सेंट पॉलला घेऊन जाते. दर रविवारी फोनवर म्हणायची आणि दर रविवारी त्याला एक शेपूट जोडायची, धाकटीची शाळा बघते, नवऱ्याची पाळी बदलते का बघते. येर नेणार नाही हे ब्लियाला ठाऊक होतं. आईलाही ठाऊक होतं. तरी त्या दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिनं लिहिलं, ऑगस्टपर्यंत माझी आई, झुआ लोर, हिची जबाबदारी माझ्यावर राहणार नाही. लिहिताना येर डोळ्यांसमोर नव्हती. तो डॉक्टर होता, चष्मा हातात घेतलेला. नोव्हेंबरपासून बोटं मोजली की सहा महिने मेमध्येच भरत होते, आणि वर थोडे दिवस म्हणून तिनं ऑगस्ट धरला होता. हे तिनं धरलं होतं. दुसऱ्या कुणी नाही. रात्रभर आईची उलटी काढून, सकाळी तोंडावर पाणी मारून बसली होती, आणि त्या क्षणी तिला खरोखरच वाटलं होतं, की संपू दे एकदाचं. एवढंच. एका श्वासापुरतं. मग तिनं मारिसेलाला फोन लावून सगळं पत्र वाचून दाखवलं, इंग्रजीतून, मोठ्यानं, कारण मारिसेलाला मधे-मधे ऐकू येत नव्हतं. आई टेबलाच्या पलीकडे चवळीच्या शेंगा निवडत बसली होती. डॉक्टरच्या दाखल्यासाठी आईचीही सही हवी होती. नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी शिकलेली ती अक्षरं, बोरू दाबल्यासारखी दाबून काढलेली. "काय आहे हे?" आईनं विचारलं. "मी तुझं करते, असं लिहिलंय." "बरं लिहिलंयस ना? सगळं लिही. कागदाला काय, जेवढं घालशील तेवढं खातो," आई म्हणाली आणि निवडलेल्या शेंगांची जुडी रबर लावून बाजूला ठेवली.

समितीनं लगेच होकार दिला नाही. उन्हाळ्यातला एक विषय पुरा करून दाखवा, मग बघू. सोमवार ते गुरुवार, सकाळी आठ ते बारा, शरीरशास्त्र. आईला न्यायला मंगळवारी आणि गुरुवारी दवाखान्याची गाडी यायची; शनिवारी ब्लिया तिला दवाखान्याच्या दारात सोडून बाबांच्या बाजाराला जायची. ब्लिया घरी यायची तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून निजलेली असायची, यंत्रावरून आल्यावर नेहमीच निजायची तशी. "गाडी वेळेवर आली?" "आली." "काय म्हणाले?" "मीठ कमी खा म्हणाले," आई भिंतीला सांगायची. जुलैच्या सहा तारखेला पहाटे ती उठलीच नाही. फ्रेझ्नोत आपल्या लोकांच्या अंत्यविधीचं सभागृह चार दिवसांसाठी मिळायचं म्हणजे रांग असते; तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. तोवर आई थंड खोलीत. दहा तारखेला शरीरशास्त्राची परीक्षा होती. ब्लिया गेली. जाऊ नकोस असं कुणी म्हणालं नाही आणि जा असंही नाही. दुसऱ्याच पानावर हृदयाचं चित्र होतं, बाणांपुढं नावं लिहायची. तिनं सगळी लिहिली. एकही चुकली नाही. बाहेर गाडीत येऊन बसली तेव्हा स्टिअरिंग इतकं तापलेलं की हात लावता येईना, आणि तिला आठवलं की आई आता गार आहे, आणि तिथं, कॉलेजच्या आवारात, ती लहान मुलीसारखी तोंड उघडं टाकून रडली. कॉलेजला तिनं काही कळवलं नाही. मृत्यूचा दाखला टेबलावर होता, फोटो काढून जोडायचा की झालं. दोनदा फोन समोर धरला. झालं नाही तिच्यानं.

आणि अंत्यविधीच्या पहिल्या सकाळी मार्ग सांगणारे आजोबा आले. जिवाला परतीची वाट सांगावी लागते, मेला तिथून जन्मला तिथपर्यंत, मधे राहिला त्या प्रत्येक घराचे आभार मानत, एकही सुटलं तर जीव तिथंच घोटाळतो. आजोबांनी विचारलं, कुठं-कुठं राहिली? बाबांना डोंगरातली गावं पाठ होती, नदी ओलांडल्यावरची निर्वासितांची छावणी पाठ होती, पण फ्रेझ्नोतली भाड्याची घरं? "ते विहिरीजवळचं," बाबा म्हणाले, "नाही, विहीर कुठली इथं, ते धुलाईच्या दुकानाजवळचं." मग ब्लिया उठली आणि आपली मदतीची फाइल घेऊन आली. शाळेपासून दर वर्षी भरलेले अर्ज, दर अर्जावर पत्ता. तिनं उलट्या क्रमानं वाचून दाखवले, आणि आजोबांनी ते ओवीत ओवून आईला सांगितले, या रस्त्याच्या दारापाशी थांब, इथं पाणी प्यालीस, इथं चूल पेटवलीस, आभार मान आणि पुढं चाल. कागदानं आईला वाटेला लावलं. तेव्हा सगळ्यांनी ब्लियाचं कौतुक केलं. का यिंग काकूसुद्धा म्हणाली, पोरीचं शिक्षण कामाला आलं.

"ब्लिया! ये इकडं, उभी राहा," दुपारी चेर काकांनी हाक मारली. दाराशी छोटं मेज मांडलं होतं, भात, उकडलेली कोंबडी, पाण्याची वाटी, आईची कमरेला बांधायची निळी पट्टी. चेर काका बाबांचे चुलतभाऊ, भाऊबंदांत हे सगळं तेच करायचे. त्यांनी दार सताड उघडलं, नाव घेऊन आईला बोलावलं, आणि म्हशीच्या शिंगाचे दोन तुकडे जमिनीवर टाकले. एक उताणा, एक पालथा पडला म्हणजे आली. दोन्ही उताणे पडले. काकांनी पुन्हा बोलावलं, जरा लाडानं, "ये वहिनी, गरम आहे तोवर ये, नंतर म्हणशील गार वाढलं." पुन्हा उताणे. तिसऱ्यांदा पालथे. बाहेर रस्त्यावरून कुणाच्या तरी गाडीतलं गाणं गेलं. काकांनी कपाळ पुसलं. "कौल मिळत नाहीये. घरातलं कुणी काही मनात धरून आहे का? असेल तर बोलून टाकावं, वाट अडते." असं ते दर वेळी विचारत असतील, शिंगं तीनदा उलटी पडली की विचारायचंच असेल. पण ब्लियानं राखेतल्या त्या ढिगाकडे पाहिलं. नाहीच येणार ती. का येईल? जिनं तारीख घालून दिली तिच्या हातची राख तुडवत? फोन फ्रिजवर उलटा पडला होता आणि त्यात ते वाक्य होतं, आपण कळवलेली परिस्थिती. तिनं कळवली होती. ऐकणारे सगळीकडे असतात, हे माहीत असून, मोठ्यानं वाचून.

"बाबा, जरा मागं या," ती म्हणाली.

मागच्या अंगणात आईची मिरचीची रोपं बादल्यांत उभी होती, बाबा त्यांना रोज पाणी घालत होते तरी पानं माना टाकून. ब्लियानं सगळं सांगितलं. समोर बघून सांगता येईना म्हणून मिरचीकडे बघून सांगितलं. अर्ज, नकार, मारिसेला, तारीख. डॉक्टर काय म्हणाला होता तेही. "मी लिहिलं बाबा. ऑगस्टपर्यंत ती नसेल असं मी लिहिलं. येर नेईल म्हणून नाही. मला माहीत होतं मी काय लिहितेय. आणि ते आज म्हणतायत की मंजूर. आज चारच्या आत सही करायची. ती सही मी कशी करू? आईला विकल्यासारखं आहे ते." बाबा खाली बसले, पालथ्या बादलीवर. त्यांच्या बोटांना कारल्याचा हिरवा डाग होता, तो नखानं खरवडत राहिले. मग म्हणाले, "वेडी का काय तू? तिला ठाऊक होतं." "काय ठाऊक होतं?" "सगळंच. ते मिठाचं काय, पहिल्याच दिवशी हसली होती घरी येऊन. म्हणाली, पोरगी खोटं बोलायला शिकली, बरं झालं, जगेल." बाबा हसल्यासारखं करून थांबले. ब्लियाला बरं वाटावं, तिच्या छातीवरचा धोंडा उतरावा, एवढंच त्यांच्या मनात होतं; ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. म्हणून ते पुढं सांगत गेले. "रागबिग काही नव्हता तिला तुझ्या कागदाचा. तू फोनवर वाचत होतीस ना, तिनं ऐकलं. तिचं नाव कळलं आणि तो एक महिना कळला. रात्री मला विचारलं, ऑगस्ट कितवा? मी म्हटलं, माझं कशाला डोकं खातेस, भिंतीवर दवाखान्याची दिनदर्शिका आहे. मग तिनं बोटांवर मोजलं. जानेवारीपासून. आठवा आला. म्हणाली, 'म्हणजे आहे अजून वेळ.' आणि झोपली. शांत झोपली त्या दिवशी."

"मग?"

"मग काय. तुझे वर्ग सुरू झाल्यावर म्हणाली, सुईचा कंटाळा आलाय. गाडी यायची, ती दारातूनच हात हलवायची, नो नो, टुडे नो. पाच वेळा परत पाठवली. दवाखान्याचा फोन यायचा, मी सांगायचो, सिक, सिक. मला म्हणाली होती, पोरीला सांगशील तर बघ. परीक्षा आहे तिची." बाबांनी वर पाहिलं. "तेव्हा तू कसलं मनाला लावून घेतेस? तुझ्या लिहिण्यानं काही झालं नाही. तिचं तिनं ठरवलं होतं."

ब्लिया उभी होती. उन्हात, मिरचीच्या बादल्यांपाशी. बाबांना कळलंच नाही त्यांनी काय दिलं तिच्या हातात. बोटांवर मोजणारी आई तिला दिसली, अंगठ्यापासून सुरू करून, कोंबड्यांच्या कारखान्यात निळी पडलेली ती बोटं एकेक मिटत. म्हणजे आहे अजून वेळ. किती वेळ, कशाला वेळ, कुणासाठी? भिंतीकडे तोंड करून निजलेली आई, पाय सुजून कातडी चकाकत असेल पांघरुणाखाली, श्वास पुरत नसेल, आणि मुलगी दारात उभी राहून विचारतेय, गाडी वेळेवर आली? आली. का नाही पांघरूण उचलून पाहिलं? एकदा. शरीरशास्त्र शिकत होती ना? बोट दाबून पाहिलं असतं तरी कळलं असतं. तिला ओरडायचं होतं बाबांवर, तुम्ही काय म्हणून गप्प बसलात, पण बाबांच्या हाताला कारल्याचा डाग होता आणि ते तिच्याकडे इतक्या भाबडेपणानं बघत होते, झालं ना मोकळं मन, अशा डोळ्यांनी, की तिनं नुसती मान हलवली. "हो बाबा," ती म्हणाली. "बरं झालं सांगितलंत."

आत गेल्यावर चेर काकांनी चौथ्यांदा शिंगं टाकली. एक उताणा, एक पालथा. "आली!" का यिंग काकू रडत-हसत ओरडली, "बघा, आली बाई, नुसती भाव खात होती." सगळे बोलायला लागले, भात वाढला, आईच्या वाट्याचे घास मेजाच्या कडेला ठेवले, काकांनी तिला जेव म्हणून सांगितलं, तुझी मुलं-नातवंडं सांभाळ म्हणून सांगितलं. ब्लिया राखेकडे बघत होती. राखेत कसलाही ठसा नव्हता. तिनं एका जागी ढीग केला होता तो तेवढा होता. मग बाबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "तीन वाजत आले. पोरीला कॉलेजात जायचंय, सही आहे तिची." "आज?" काकू म्हणाली. "आज," बाबा म्हणाले, "तिच्या आईनंच सांगितलंय." दारातून बाहेर पडायचं तर राखेवरून जायला हवं होतं. ब्लिया थबकली. पाय टाकावा की न टाकावा तिला कळेना, आणि मागून बाबा म्हणाले, "जा गं, तुडव. आता ती आतच आहे." तिनं चप्पल घातली आणि राखेत पाय टाकला. घरातून बाहेर पडताना तिचा एकटीचा ठसा राहिला, चपलेच्या तळव्यावरच्या नक्षीसकट.

कचेरीत शनिवार असूनही रांग होती, सोमवारी वर्ग सुरू व्हायचे म्हणून. गार हवेत घाम सुकून अंगावर काटा आला. मारिसेलानं तिला लांबूनच पाहिलं आणि खुर्चीतून उठून हात हलवला. "आली माझी मंजुरीवाली! ये, बस, गोळी घे. आज सकाळी तुझं नाव यादीत बघितलं आणि इथल्या इथं नाचले मी, विचार हवं तर सगळ्यांना." तिनं छापलेला आराखडा पुढं ठेवला. चार विषय, एकही सोडायचा नाही, एकही सोडला तर मदत कायमची बंद. मारिसेला बोटानं एकेक ओळ दाखवत गेली. "म्हटलं नव्हतं मी? तारीख घातली की काम होतं. जानेवारीत नाही म्हणाले, आता बघ. आणि आई कशी आहे? नेलं का बहिणीनं? ऑगस्टमध्ये नेणार होती ना?"

ब्लियानं तोंड उघडलं. हो म्हणणं सोपं होतं. इतके महिने ती हेच तर करत आली होती, लांबलचक गोष्टीचं मीठ करून देणं. पण आता ऐकणाऱ्यांनी ऐकलं तरी त्यांना न्यायला काही उरलं नव्हतं. "माझी आई वारली," ती म्हणाली. कुठल्याही भाषेत हे शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघत होते आणि ते फार छोटे होते. "सहा जुलैला. मी वर्गात असायची तेव्हा ती गाडी परत पाठवायची. मला माहीत नव्हतं."

मारिसेलाचं बोट चौथ्या विषयावर तसंच राहिलं. तिचे डोळे भरले. ती काहीतरी म्हणाली, अरेरे पोरी, किंवा देवा, असं काहीतरी, आणि तिनं ब्लियाचा हात धरायला हात पुढं केला, पण मधे चिंचेच्या गोळ्यांची वाटी होती, ती कलंडली. दोघींनी मिळून गोळ्या गोळा केल्या. मागची मुलगी रांगेतून वाकून बघत होती. भिंतीवरच्या घड्याळात चारला दहा कमी होते.

"सही कुठं करायची?" ब्लियानं विचारलं.

मारिसेलानं नाक पुसलं, रेघ दाखवली. ब्लियानं पेन दाबून धरलं, आई धरायची तसं, आणि सावकाश आपलं नाव काढलं. तिच्या मनगटाच्या घडीत अजून राख होती, ती कागदावर थोडी सांडली. तिनं फुंकली नाही.

"आणि इथं," मारिसेला म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली आला होता. "इथं आजची तारीख."

आज काय तारीख, कुठला महिना, ब्लियाला चांगलं ठाऊक होतं. तरी टेबलाखाली तिच्या डाव्या हाताची बोटं आपोआप मिटायला लागली, अंगठ्यापासून, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. पाचांनंतर हात संपला, तेव्हा तिनं पेन खाली ठेवलं आणि दुसऱ्या हाताची तीन बोटं घेतली.